पंधरा मण्यांची वाकडी तार

मी तारेचा तुकडा बोलतोय. लांबी वीतभर आणि वर चार बोटं. अंगावर पंधरा मणी, मधोमध बाक, आणि तो बाक सुटू नये म्हणून दोऱ्याची गाठ. सध्या मुक्काम काळूरामच्या झोपडीत, कारवीच्या कुडात खोचलेला. अकलोलीच्या गरम कुंडांपासून वर चढत गेलं की तासाभराने जो पाडा लागतो, तिथं. माझ्या उजवीकडे खेकडे काढायचा आकडा आहे, डावीकडे गोळ्यांचं अर्धं पाकीट. शेजार वाईट नाही.

मी शिकलेला नाही. पाहिलं आणि ऐकलं तेवढं सांगतो. कमी सांगतो, पण खोटं सांगत नाही.

माझा जन्म भिवंडीतला. पोलाद कुठं ओतलं ते मला ठाऊक नाही. मी भेंडोळ्यात होतो, आणि भेंडोळ्यातल्या तारेला कोणी ओळखत नाही. सोमाने पक्कडीने मला तोडलं, एक टोक कानशीने घासून त्याला बारीक आकडा काढला, दुसऱ्या टोकाला चिंधी गुंडाळून मूठ केली. त्या दिवसापासून मी कोणीतरी झालो. त्यालाच मी जन्म म्हणतो.

सोमा जॉबर होता. लूम अडला की कारागीर ज्याला हाक मारतात तो जॉबर. तीन गाळ्यांत मिळून बहात्तर लूम त्याच्या हाताखाली होते. नवा बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचा रूळ, चढला की एकेक धागा बारीक भोकातून आणि मग फणीच्या फटीतून ओढून घ्यावा लागतो. असे हजारो धागे. एक चुकला तर सगळ्या कापडभर उभी रेघ पडते. त्या फटीतून मी आत जायचो, धागा धरायचो, बाहेर आणायचो. दिवसभर हेच. मला कंटाळा आला नाही. कामाचा कंटाळा ज्याला येतो त्याच्या कामात खोट असते.

या कामाला तार सरळ लागते. जरा बाक आला की शेजारचा धागा अडकतो आणि तुटतो. म्हणून सोमा रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मला डोळ्याजवळ धरायचा, एक डोळा मिटायचा, आणि कुठं बाक दिसला की दोन अंगठ्यांत दाबून काढायचा.

"वाकडी तार धागा तोडते," असं म्हणायचा. दुसरं काही म्हणायचा नाही.

एकदा आझमगडचा एक कारागीर त्याला म्हणाला, "चचा, तार तो रोज सीधा करते हो, कभी अपना माथा भी सीधा कर लो. हमेशा सिकुड़ा रहता है."

"तू काम कर," सोमा म्हणाला.

एकतीस वर्षं असं चाललं. एकतीस वर्षं रोज सकाळी त्याचे दोन अंगठे माझ्या पाठीवर फिरले. मीही ताठ झालो. सरळ असणं हाच माझा मान, असं मी धरून चाललो.

लूमच्या खडखडाटात सोमाचे कान गेले. हळूहळू गेले, त्यामुळे त्याने कोणाला सांगितलं नाही. कोणी काही बोललं की मान हलवायचा. घरात, दुकानात, विहारात वंदनेनंतर लोक बोलत बसले की तिथंही. ऐकू येत नाही हे कबूल करणं त्याला कमीपणाचं वाटे. ही खोड पुढं महागात पडली, म्हणून सांगून ठेवतो.

मग लूम भंगारात गेले. गाळ्यांचं गोदाम झालं. सोमाने हत्यारांची पेटी घरी आणली आणि माळ्यावर टाकली. सहा वर्षं मी अंधारात होतो. वर पाना, खाली पक्कड, मध्ये मी. गंजाचा पहिला ठिपका आला तो दिवस मला आठवतो. ज्याला रोज हात लागायचा, त्याला हात लागेनासा झाला की आधी अंग दुखतं, मग दुखायचंही थांबतं.

पेटी उघडली दीक्षाने.

दीक्षा सोमाची नात. मुंबईत एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती, मलेरियाच्या लशीवर. चार वर्षं झाली होती. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले, घरी आली की पायातलं काढायच्या आधीच बसायची. तिला एक तार हवी होती. फार कडक नको, फार मऊ नको.

"आजोबा, ही घेऊ का?" तिने मला वर धरून मोठ्याने विचारलं.

सोमाने मान हलवली. या वेळी ऐकू आलं होतं. "घे. आता लूम कुठं हाय?" म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

तिने माझी मूठ सोडली, पॉलिश पेपरने गंज काढला आणि माझ्या अंगावर प्लॅस्टिकचे पंधरा मणी ओवले. लाल, निळे, पांढरे, आणि तिसरा व तेरावा मात्र पिवळा. मग तिने मला वाकवलं. एकतीस वर्षं जपलेली पाठ एका दुपारी गेली. तिसऱ्या आणि तेराव्या मण्यांत पिवळा दोरा बांधून तिने माझा बाक धरून ठेवला. मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू?

रात्रीच्या जेवणाआधी ती मला घेऊन आजोबांसमोर बसली आणि सगळं समजावून सांगितलं. मी हातातच होतो, ऐकलं.

मलेरियाचा जंतू रक्तातल्या लाल पेशीत शिरतो. शिरण्याआधी तो पेशीला धरतो. ज्याने धरतो ते प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. अख्खी माळ लशीत घालणं अवघड. म्हणून तिच्यातला नेमका धरणारा तुकडा घ्यायचा आणि प्रयोगशाळेत एकेक मणी जोडून तसाच बनवायचा. अशा छोट्या तुकड्याला पेप्टाइड म्हणतात. तो अंगात टोचला की शरीर त्याची ओळख करून ठेवतं, आणि पुढं खरा जंतू आला की त्याला अडवतं. आफ्रिकेत मुलांना आता मलेरियाची लस देतात, पण ती पुरती राखत नाही, पुन्हा पुन्हा द्यावी लागते. म्हणून शोध थांबलेला नाही.

"पण अडचण अशी आहे आजोबा," दीक्षा म्हणाली, "जंतूच्या अंगावर हा तुकडा वळलेला असतो. आम्ही बनवलेला तुकडा पाण्यात सोडला की ढिला पडतो. मणी तेच, त्यांचा क्रम तोच. पण बाक नाही. शरीर त्या ढिल्या तुकड्याची ओळख करून घेतं आणि खरा जंतू दारात आला तरी त्याला ओळखत नाही. म्हणून मी दोन ठिकाणी असे मणी घातलेत की ते एकमेकांना धरतात आणि बाक टिकतो. हा पिवळा दोरा म्हणजे ती पकड. सगळं काम या बाकावर आहे."

सोमाने मान हलवली.

"कळलं ना?"

सोमाने पुन्हा मान हलवली. त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्याच्या हातात होतो मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाला पाड्यावर जायचं होतं. तिला माणसांचं रक्त हवं होतं, पुन्हा पुन्हा मलेरिया होऊन गेलेल्या माणसांचं. अशांच्या रक्तात जंतूला ओळखणारं काहीतरी तयार झालेलं असतं. ते तिचा वळलेला तुकडा ओळखतं का, हे पाहायचं होतं. किमान चाळीस माणसं हवी होती. दोन पाड्यांनी नाही म्हटलं होतं. हा तिसरा. महिनाअखेरपर्यंत चाळीस झाले नाहीत तर काम बंद करा, असं तिच्या मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं होतं. चार वर्षं पाण्यात जाणार होती.

ती आंघोळीला गेली. मी टेबलावर रुमालात होतो. सोमा चहा घेऊन आला. बसला. रुमाल उघडा पडला होता. त्याची नजर माझ्यावर गेली, आणि कप खाली ठेवला गेला.

तो रागावला नव्हता. काही मनात आणलं असंही नाही. हात आपोआप उठले. तार वाकडी दिसली, सकाळची वेळ होती, एवढं त्या हातांना पुरलं. त्याने दोरा दातांनी तोडला, अंगठे माझ्या पाठीवर ठेवले, मणी मागेपुढे सरकवत बाक काढला, डोळ्याजवळ धरून पाहिलं. मी सरळ झालो. सांगायला संकोच वाटतो, पण मला बरं वाटलं. सहा वर्षांनी ते अंगठे पाठीवरून फिरले होते.

मग त्याने मला नीट रुमालात गुंडाळून तिच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं. पोरीचं काम आपण आधीच करून ठेवलं, या समाधानात चहा प्यायला.

पाड्यावर आम्ही दहाच्या सुमारास पोचलो. सोबत जागृती होती, त्या भागातली आशा सेविका. तिने लोकांना आंब्याखाली गोळा करून ठेवलं होतं. समोर काळूराम बसला होता. पाड्यातला म्हातारा माणूस. अंगाने काटकुळा, बोलणं तोललेलं. तो नाही म्हणाला तर कोणीच हो म्हणणार नव्हतं.

"रगत मागाया आली का?" त्याने विचारलं.

"हो काका. पण आधी कशासाठी ते सांगते."

"सांग. ऐकायला काय लागतं?"

दीक्षाने पिशवीतून एक लाकडी ठोकळा काढला. त्यात सुताराकडून वळणदार खाच कोरून घेतली होती. वाकलेला मी त्या खाचेत नेमका बसायचो. शरीर जंतूला कसं ओळखतं ते दाखवायची ही तिची युक्ती. मग तिने डबा उघडला, रुमाल सोडला.

मी काठीसारखा सरळ.

ती बोलायची थांबली. मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. डब्यात दोऱ्याचा तुकडा होता, दातांनी तोडलेला. तिला सगळं कळलं.

"हेच दाखवायचं होतं ना, मॅडम?" जागृतीने हळूच विचारलं.

दीक्षाने मला वाकवायला घेतलं. पण मी पोलाद. एकदा सोमाच्या अंगठ्याखालून गेलो की सहजी वळत नाही. इकडून दाबलं की तिकडून उलगडायचो. तिच्या कपाळावर घाम आला. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"कशाला वाकडी करतेस?" काळूराम म्हणाला. "सरळ बरी हाय की."

दीक्षा हसली. थकलेलं माणूस हसतं तसं. "काका, माझ्या आजोबांनी सरळ केली. त्यांना काल तासभर समजावलं की बाक मोडू नका. त्यांना ऐकू येत नाही, आणि ते सांगत नाहीत."

"आमच्याकडं बी हाय असा एक," काळूरामची सून सोनी मागून म्हणाली. "त्याला ऐकू येतं, पण ऐकत न्हाय."

सगळे हसले. काळूरामसुद्धा मिशीत हसला, कारण बोलणं त्याच्याच मुलावर होतं.

मग दीक्षाने मला तसंच, सरळ, ठोकळ्यावर ठेवलं. "बसव बघू यात," ती सोनीला म्हणाली.

सोनी पुढं आली. तिने मला खाचेवर ठेवून अंगठ्याने दाबलं. मी खाचेवर आडवा पडून राहिलो. "जात न्हाय," ती म्हणाली.

"मणी तेच आहेत. तुमच्या अंगात मलेरियाचा जंतू येतो त्याच्यावर असेच मणी, याच क्रमाने. पण त्याला बाक असतो. आम्ही प्रयोगशाळेत बनवतो तो असा होतो, याला शरीर ओळखत नाही. आतापर्यंत किती जणांच्या लशी इथं अडल्या. मी बाक टिकवायचा एक उपाय केलाय. तो बरोबर आहे का, हे तुमच्या रक्ताशिवाय कळणार नाही."

काळूराम उठला. झोपडीत गेला आणि एक लोखंडी सळई घेऊन आला. टोकाशी वाकवलेली, वापरून गुळगुळीत झालेली.

"ही काय ठाव हाय का?"

"नाही."

"खेकड्याची. बिळात घालायची, वळवायची, ओढायची. बाक जरा कमी पडला तर खेकडा निसटतो, जास्त झाला तर सळई बिळातच जात न्हाय. हा बाक माझ्या बापाचा हाय. मी बदलला न्हाय." त्याने मला तिच्या हातातून घेतलं. "सरळ तारेनं खेकडा निघत न्हाय, हे मला तू काय सांगतेस?"

त्याने मला पायाच्या अंगठ्याभोवती टाकलं आणि दोन्ही टोकं खेचली. ठोकळ्याच्या खाचेकडे पाहत, हळूहळू. सोमाचे हात मला ठाऊक होते. हे दुसरेच होते, पण तेही कामाचे होते. मी वळलो. वाखाची बारीक दोरी घेऊन त्याने पिवळ्या मण्यांमध्ये गाठ मारली आणि मला खाचेत दाबलं. मी बसलो. थोडा करकरलो, पण बसलो.

बायकांनी पुढं वाकून पाहिलं. काळूराम परत खाली बसला.

"तीनदा रगत नेलं आमचं," तो म्हणाला. "एकदा गाडी आली व्हती, पांढरी. एकदा कॉलेजची पोरं. एकदा कोण ते मला ठाव बी न्हाय. बोटं टोचली, बाटल्या भरल्या, कागदावर अंगठे घेतले. म्हणाले, येऊन सांगू काय निघालं ते. कोण आलं न्हाय. एवढं रगत नेलं, त्यात काय व्हतं, आमाला कोणी सांगितलं न्हाय."

"मी येईन सांगायला."

"ते बी असंच म्हणाले व्हते."

दीक्षाने शपथ घेतली नाही. तिने मान खाली घातली. खोटी शपथ घेणारी नव्हती ती, सोमाच्या घरची.

"चांगलं निघालं तर समदेच येतील नाचत," काळूराम म्हणाला. "वाईट निघालं तर येशील का?"

"येईन."

"मग ही तार हितं ठेव. आजोबाची हाय म्हणतेस. सांगायला येशील तवा ने."

दीक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी आजोबांचं हत्यार होतो, तिच्या मालकीचा नव्हतो. तरी तिने मला त्याच्या हातात दिलं.

सोनीने पहिला हात पुढं केला. "मला चारदा झालाय. आमच्या घरी मलेरिया नवऱ्यापेक्षा इमानी, दर पावसाळ्याला येतो." दुपारपर्यंत एकेचाळीस जणांनी रक्त दिलं. दीक्षाने प्रत्येकाला कागद वाचून दाखवला, अंगठा घेतला, आणि नाव विचारून वहीत लिहिलं. आधी येणाऱ्यांनी फक्त नंबर लिहिले होते, असं जागृती म्हणाली.

मग ती गेली, आणि मी कुडात खोचला गेलो.

दोन पावसाळे गेले.

गाळ्याची, घराची, माळ्याची सवय होती. कारवीच्या कुडाची नव्हती. पावसात भिंत ओली होई, माझ्या आकड्यावर पुन्हा गंज चढला. धुराने मणी काळपटले. वाखाची दोरी सैल पडली आणि माझा बाक थोडा उघडला. काळूराम अधूनमधून माझ्याकडे पाहायचा आणि काही बोलायचा नाही. पाड्यातले लोक मात्र बोलायचे. "काका, तार न्ह्यायला कोण आलं न्हाय वाटतं?" काळूराम म्हणायचा, "तार हाय ना? मग येईल." पहिल्या पावसाळ्यात हे ठासून म्हणायचा. दुसऱ्यात म्हणायचं सोडलं.

माणसांची एक गोष्ट मी तिथं पाहिली. सोनीला दुसऱ्या पावसाळ्यात ताप आला. जागृतीने रक्त तपासलं, गोळ्या दिल्या. काही तीन दिवसांच्या, काही चौदा दिवसांच्या. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि सोनीने उरलेलं पाकीट माझ्या शेजारी खोचलं. "बरी झाले आता, कशाला खाऊ?" जागृती ओरडली, समजावून गेली, सोनी हो हो म्हणाली. पाकीट तिथंच राहिलं. पुढं दोन महिन्यांनी ताप परत आला. भिवंडीत मान हलवणारा एक होता, इथं हो म्हणणारी एक. माणसं नाही म्हणायला भितात. सगळ्यात जास्त, वाईट बातमी सांगायला.

मीही आशा सोडली होती. वय झालं की आशा करायचेही कष्ट होतात.

ती आली माघात. उन्हं चढली होती. सोबत सोमा होता. एवढा चढ चढून त्याला धाप लागली होती, पण हातात काठी नव्हती. नातीने धरायला हात दिला तर तो झटकून टाकला. पाठमोरा असता तरी तो मला कळला असता.

काळूरामने दोघांना आंब्याखाली बसवलं, पाणी दिलं. माणसं जमली. मला कुडातून काढून मधे ठेवलं.

"सांग," काळूराम म्हणाला.

दीक्षाने सांगितलं. आवाज एकसारखा होता, पण हात मांडीवर घट्ट धरलेले. एकेचाळीस जणांपैकी सरळ तुकडा फक्त दोघांच्या रक्ताने ओळखला. बाकदार तुकडा अकरा जणांच्या. म्हणजे बाक लागतो, हे खरं निघालं. मग तो तुकडा उंदरांना टोचला. उंदरांच्या रक्ताने त्याची ओळख फार चांगली करून घेतली. सगळ्यांना वाटलं, जमलं. मग त्या रक्तासमोर खरा जंतू आणून ठेवला. त्याने जंतूला अडवलं नाही.

"म्हणजे?" सोनीने विचारलं.

"आमचा बाक जास्त घट्ट झाला होता. जंतूचा बाक थोडा मोकळा असतो. उंदरांचं शरीर आमचा बाक शिकलं. जंतूचा नाही शिकलं." ती थांबली. "लस झाली नाही. मी हेच सांगायला आले. नाही झाली."

कोंबड्या माती उकरत होत्या तेवढा आवाज.

"यायचं नव्हतं मला," दीक्षा पुढं म्हणाली. "उन्हाळ्यातच निकाल लागला होता. मॅडम म्हणाल्या, चिठ्ठी पाठव, पुरे. चांगलं काही असतं तर आलेच असते. पण तुमच्यासमोर येऊन काय सांगू, असं झालं. आठ महिने गेले. आजोबा रोज विचारायचे, माझी तार कुठं हाय? मी म्हणायचे, पाड्यावर. ते म्हणायचे, का?"

काळूरामने सोमाकडे पाहिलं. मोठ्याने, तोंडाजवळ हात धरून विचारलं, "तुम्ही आणली हिला?"

सोमाने या वेळी मान हलवली नाही. "मला ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. सरळ, सगळ्यांसमोर. दीक्षाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. मी ते वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "जवळ येऊन बोला."

काळूराम उठून त्याच्या शेजारी बसला, तोंड कानाशी नेलं. "तुम्ही आणली का तिला?"

"हत्यार दुसऱ्याच्या गाळ्यात ठेवून जॉबर घरी झोपत न्हाय," सोमा म्हणाला. "न्यायला यावं लागतं. काम झालं न्हाय तर तसं सांगून न्यावं लागतं. एवढंच शिकवलं तिला. बाकी तिचं तीच शिकली."

काळूरामने पाण्याचा तांब्या सोमाच्या पुढं सरकवला. मग म्हणाला, "आजवर कोणी न्हाय म्हणायला आलं नव्हतं." आणि दीक्षाकडे वळून, "पुढं काय करणार?"

"बाक थोडा मोकळा करायचा. पिवळे मणी तिसऱ्या आणि तेराव्याऐवजी दुसऱ्या आणि चौदाव्या जागी घालायचे. पकड सैल बसेल. जमेल की नाही ठाऊक नाही."

"परत रगत लागेल?"

"लागेल. नाही म्हणालात तरी चालेल."

काळूरामने मला उचललं. मला वाटलं, आता परत. भिवंडी, माळा, पेटी. पण त्याने मला सोमाच्या हातात दिलं. सोमाने सवयीने मला डोळ्याजवळ नेलं, एक डोळा मिटला, दोन्ही अंगठे माझ्या पाठीवर आले.

मी ते अंगठे ओळखले. बाकावर दाब पडला. दीक्षाने हात पुढं केला आणि मागे घेतला.

सोमाने मला खाली केलं. तिच्याकडे पाहिलं. "कुठं वाकवू?" त्याने विचारलं.

दीक्षाने बोट ठेवून दाखवलं. तोंड त्याच्या कानाशी नेऊन सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द. या वेळी त्याने दोनदा परत विचारलं. मग काळूरामने आपल्या नेहमीच्या पद्धतीने पायाचा अंगठा पुढं केला, सोमाने मला त्याच्याभोवती टाकलं, आणि माझ्या एकतीस वर्षांच्या धन्याने मला स्वतःच्या हाताने वाकवलं. पूर्वीपेक्षा थोडं मोकळं. दीक्षाने वाखाची दोरी सोडली, मणी काढून पुन्हा ओवले आणि पिवळे दोन नव्या जागी घेतले. गाठ सोमानेच मारली, लूमवर तुटलेला धागा जोडतात ती गाठ, बारीक आणि न सुटणारी.

"हे पाहा," काळूराम म्हणाला. "तार हितंच राहू द्या. पुढचं सांगायला याल तवा न्या."

सोमाने हो म्हटलं. ऐकून.

तेव्हापासून मी पुन्हा कुडात आहे. शेजारचं गोळ्यांचं पाकीट सोनीने नेऊन जागृतीला परत दिलं होतं. सोनीला पुन्हा ताप आला आणि पुन्हा नवं पाकीट आलं, तेही अर्धं झालं आहे. गंज चढतोय. मणी काळे पडलेत. मी थकलोय, आणि ज्याची वाट पाहायची ती गोष्ट माझ्या हयातीत होईलच असं नाही. दीक्षाच्या हयातीत होईल का, तेही सांगता येत नाही.

एकतीस वर्षं सरळ राहिलो, तो माझा मान होता. आता वाकडा आहे, हेही कामच आहे. तेव्हा एक सांगणं आहे. कधी या पाड्यावर आलात, झोपडीत पाणी प्यायला बसलात, आणि कुडात खोचलेली मण्यांची वाकडी तार दिसली, तर हात लावा हवं तर. पुसा. पण सरळ करू नका. त्या बाकाच्या बातमीची वाट पाहणारी एकेचाळीस माणसं आहेत, आणि एक बाई आहे जी नाही म्हणायलासुद्धा येते.